आवाज नसलेले चित्र

मी एक जुना ड्रोन आहे. जुना म्हटल्यावर तुम्ही हसाल मित्रांनो, कारण माझे वय अवघे पाच वर्षांचे आहे. पण आमच्यात पाच वर्षे म्हणजे म्हातारपणच. माझ्या एका पंख्याला तडा गेला आहे, बॅटरी फुगली आहे आणि बारामतीतल्या एका कचेरीच्या लोखंडी कपाटात जुन्या फायलींच्या मागे मला ठेवून दिले आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कपाटात अंधार असतो आणि मला सध्या अंधारच बरा वाटतो.

माझ्या हातून एका भल्या माणसाची फार बदनामी झाली. ती अजूनही पुरती पुसली गेलेली नाही. माझे आयुष्य सांगायला बसलो आहे ते खरे तर तेवढ्यासाठीच. बाकीचे ओघाओघाने येईल.

माझा जन्म पुण्याच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलावर माझे चार हात जोडले गेले, प्रत्येक हातावर एक पंखा बसला, पोटाखाली कॅमेरा आला. शेवटी एका बाईंनी मला अंगणात उडवून पाहिले आणि ‘आवाज जरा जास्तच करतो हा’ असे पुटपुटत कागदावर बरोबरची खूण केली. मी ते मनावर घेतले नाही. पहिल्यांदाच जमीन सोडून वर आलो होतो. त्या आनंदात कोण असल्या शेऱ्यांकडे लक्ष देतो?

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो. मी टिपलेल्या चित्रात आवाज उतरत नाही. पंख्यांच्या घरघरीपुढे दुसरे काही ऐकूच येणार नाही, म्हणून माझ्या कॅमेऱ्याला कान लावलेलेच नाहीत. जमिनीवर पंखे बंद असताना मला सगळे ऐकू येते. ते कसे, असे विचारू नका. आपली गोष्ट सांगणाऱ्या वस्तूला एवढी सूट असते. पण हवेत असलो की मी ठार बहिरा.

बारामतीत मी आलो तो एका वाहतूक पाहणी कक्षात. बारामती ते इंदापूर या रस्त्यावर नजर ठेवायची, एवढेच माझे काम. ऐकायला सोपे वाटते. पण उसाची तोडणी सुरू झाली की या रस्त्याचे रूपच पालटते. दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, दुधाचे टँकर, एसटी, शाळेच्या गाड्या आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. कुठे उसाची मोळी रस्त्यात पडली की मागे अर्धा मैल रांग लागते आणि पुढच्याला वाटते की मागचा उगीच हॉर्न वाजवतोय. मी वर जाऊन बघायचो, रस्ता कुठे तुंबला आहे, कोण उलट्या बाजूने घुसला आहे, कोणाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही. ते सगळे टिपून खाली पाठवायचो.

मला उडवायची ती दीप्ती. काटेवाडीची मुलगी, इंजिनिअरिंग शिकलेली, सव्वीस वर्षांची, कंत्राटी नोकरीवर लागलेली. तिचा हात हलका होता. वारा असला तर आधी बोटाने हवा पाहायची आणि मला उगीच पिळायची नाही. कामावरून आल्यावर माझ्यावरची धूळ ती आपल्या ओढणीने पुसायची. मला ती आवडायची, अजूनही आवडते. पुढे जे घडले त्यात तिचीही चूक होती, पण तिने ती माझ्यावर ढकलली नाही. माझ्यावर ढकलणे किती सोपे होते, हे तुम्हाला पुढे कळेलच.

सुरुवातीची दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. एकदा काटेवाडीच्या पुढे उसाची ट्रॉली आडवी झाली आणि अडलेल्या बाईला घेऊन निघालेली रुग्णवाहिका रांगेत अडकली. मी वरून कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता मोकळा असल्याचे दाखवले, दीप्तीने फोनवरून चालकाला एकेक वळण सांगितले आणि बाई वेळेत पोहोचली. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझा फोटो आला. बाळाचा नाही, माझा. त्या वर्षी खंडेनवमीला कचेरीत हत्यारांची पूजा झाली तेव्हा पाने, पक्कड, संगणक यांच्या पुढे मधोमध मला मांडले, हळदकुंकू वाहिले आणि चार पंख्यांवर झेंडूची चार फुले ठेवली. मी इतका फुगलो, की ती फुले उडवून लावायची मला घाई झाली होती.

तिथूनच माझी नजर बिघडली. उंचावरून पाहणाऱ्याला आपल्याला सगळे दिसते असे वाटू लागते. मला माणसांच्या टोप्या दिसायच्या, पदर दिसायचे, गाड्यांची छपरे दिसायची. चेहरा क्वचितच दिसायचा. पण त्याचे मला काही वाटत नव्हते.

आमच्या कक्षाचे प्रमुख होते स्वानंद सर. हुशार, कामसू, हसतमुख माणूस. नियम सांगून कुणी ऐकत नाही, पण हसे झाले की सगळे सुधारतात, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी मोबाइलवर कक्षाचे एक पान सुरू केले. ‘रस्त्याचे राजे’ असे त्याचे नाव. दर शनिवारी मी टिपलेले एखादे चित्र त्यावर यायचे आणि खाली खोचक ओळ असायची. चार जण बसलेली मोटारसायकल, मधल्या दुभाजकावरून म्हैस नेणारा गडी, फोनवर बोलत बोलत चौकात गोल फिरणारा. लोक पोट धरून हसायचे. खरे सांगतो, त्याने थोडा फरकही पडला. मी वर दिसलो तर लोक चटकन डोक्यात हेल्मेट घालायचे. पण मला त्या सुधारणेपेक्षा त्या हशाचीच चटक लागली होती. सोमवारपासून मी शनिवारचे चित्र शोधत असे.

तो जानेवारीतला दिवस होता, दुपारची वेळ. अंथुर्ण्याच्या अलीकडे रस्त्याला एक वळण आहे आणि त्या वळणावर एक मोठा वड आहे. वडाच्या फांदीला आग्या मोहोळ लटकलेले असते. दरवर्षी मधमाश्या जातात आणि दरवर्षी परत येतात. वडापासून थोड्या अंतरावर कुशाबाई पेरूची पाटी घेऊन बसते. सत्तरीची बाई, गावातलीच. हे सगळे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला फक्त एक झाड, एक पाटी आणि एक हिरवा पदर दिसत होता.

दीप्ती अर्ध्या मैलावर कालव्याच्या पुलाजवळ गाडी लावून उभी होती. एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत वळणाकडे येत होता. ट्रॉलीचा नंबर चिखलाने माखलेला होता. तो वाचता यावा म्हणून तिने मला खाली आणले. ठरवून दिलेल्या उंचीच्या बरेच खाली आणले. तेवढ्यात स्वानंद सरांचा फोन आला आणि बरोबरच्या चालकाने चहाचा कप तिच्या हातात दिला. तिने ‘पाठलाग’चे बटण दाबले आणि पडद्यावरची नजर काढली. पाठलागाचे बटण म्हणजे असे, की खाली जे काही हलत असेल त्याच्या मागे मी माझा मीच जातो. कुणी सांगावे लागत नाही.

मी वळणावर कुशाबाईच्या डोक्यावर आलो. खाली अचानक माणसे अंगाचा गोळा करून बसू लागली. दोघे मोटारसायकल टाकून रस्त्याकडेला पालथे पडले. कुशाबाई पदर डोक्यावर ओढून हात हलवत होती. ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध थांबला. त्यातून एक पंचावन्न-साठीचा माणूस उडी मारून उतरला, सीटवरची वाकळ त्याने ओढली आणि कुशाबाईच्या अंगावर टाकली. मग गळ्यातला पांढरा टॉवेल काढला, डोक्यावर गरगरा फिरवू लागला आणि शेतात धावत सुटला.

सगळ्यांत जास्त तोच हलत होता. म्हणून मी त्याच्या मागे गेलो.

तो हरभऱ्याच्या रानातून पळाला, मी वर. तो वळला, मी वळलो. तो थांबून टॉवेल आणखी जोरात फिरवायचा, जणू मला बोलावतोय. मी आणखी जवळ जायचो. पडला, उठला, पुन्हा पळाला. टोपी पडली. शेवटी त्याने पाटाच्या पाण्यात उडी घेतली आणि तोंड बुडवून पडून राहिला. मी वर घिरट्या घालत राहिलो. वाकळीखालची म्हातारी, पालथी पडलेली माणसे, हे सगळे मी केव्हाच चौकटीबाहेर सोडून दिले होते. इतके मजेशीर चित्र मला वर्षभरात मिळाले नव्हते.

मला वाटले, शनिवार साजरा झाला.

शनिवारी ते चित्र पानावर आले. खाली ओळ होती, ‘ट्रॅक्टर रस्त्यात, राजे रंगात’. मुक्या चित्रावर काय वाटेल ते चिकटवता येते मित्रांनो. संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्यावर ढोलकीचे गाणे बसवले. आता तो माणूस गाण्याच्या तालावर टॉवेल फिरवत नाचतोय असे दिसू लागले. इंदापूरच्या बाजारात, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात, जिथे तिथे तेच. कोणी म्हणे पहिल्या धारेची असेल. कोणी म्हणे भरदुपारी एवढी चढते म्हणजे कमाल आहे.

त्या माणसाचे नाव संभाजी. अंथुर्ण्याचा. तीस वर्षे ट्रॅक्टर चालवत होता आणि तीस वर्षांत त्याच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. हे मला तो कचेरीत आला तेव्हा कळले. भर रस्त्यात वाहन टाकून गेल्याबद्दल आणि नशेत चालवल्याच्या संशयावरून त्याचा परवाना रद्द का करू नये, अशी नोटीस त्याला गेली होती. कारखान्याने तर त्याआधीच सांगून टाकले होते, निकाल लागेपर्यंत ट्रॅक्टरवर बसायचे नाही.

संभाजीकाका टोपी हातात धरून उभे होते. त्यांचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. स्वानंद सरांनी मोठ्या पडद्यावर चित्र लावले.

“काका, हे तुम्हीच ना?”

“व्हय. म्याच.”

“घेतली होती का थोडी?”

“न्हाय साहेब. म्या सुपारीबी खात न्हाय.”

“मग हा काय प्रकार आहे?”

“मोहोळ उठलं व्हतं. वडावरचं. गेल्या साली आमचं आप्पा गेलं, माश्या चावून. म्हून मग...”

“किती जणांना चावल्या या वेळी?”

काकांनी बराच वेळ टोपीची घडी घातली, उलगडली. “कुनालाच न्हाय,” ते म्हणाले.

“तुम्हाला तरी?”

“न्हाय.”

टेबलाच्या मागे बसलेले दोघे जण हसले. सरही हसले, पण वाईट हसले नाहीत, समजुतीने हसले. ते जास्त लागले असावे. “काका, दोनशे माश्या मागे लागतात आणि एकही चावत नाही?” सर म्हणाले. “पुढच्या सोमवारपर्यंत एखादा साक्षीदार आणा. नाहीतर मला कागद पुढे पाठवावा लागेल.”

काका दारापर्यंत गेले आणि परत वळले. “साहेब, त्ये गानं तेवढं काढता येतं का बगा. माझी सून म्हायेरी गेलीया. तितं लावत्यात.”

मी कपाटावर होतो. मला तेव्हाही खरे काय ते समजले नव्हते. माझ्या मते माझे चित्र स्वच्छ होते, त्यात खोटे काही नव्हते. मला फक्त काकांचे शेवटचे वाक्य आवडले नाही, एवढेच.

समजले ते चार दिवसांनी. दीप्ती कचेरीमागच्या मोकळ्या जागेत माझी नवी बॅटरी तपासत होती. मला तिने डोक्यापेक्षा थोडे वर हवेत स्थिर ठेवले होते. इतक्यात फाटकातून कुशाबाई आली. संभाजीची साक्ष द्यायला ती एसटीने एकटीच आली होती, रिकाम्या हाताने कसे जायचे म्हणून पेरूची पिशवी घेऊन. मी हवेत होतो, त्यामुळे ती काय ओरडली ते मला ऐकू आले नाही. दिसले मात्र सगळे. पिशवी खाली पडली, पेरू घरंगळले. म्हातारी पळून गेली नाही. ती धावत दीप्तीकडे गेली, तिचा हात धरून तिला खाली ओढले, आपला पदर तिच्या डोक्यावर टाकला आणि तिच्यावर ओणवी झाली.

वरून मला एक गोळा दिसला. पदराखाली दोन माणसांचा गोळा. त्या दिवशी चौकटीच्या कडेला वाकळीखाली जो गोळा दिसला होता, अगदी तसाच.

दीप्तीने पदराखालूनच मला खाली उतरवले. पंखे थांबले आणि मला ऐकू आले.

“गेलं वाटतं,” कुशाबाई कुजबुजत होती. “हलू नगंस पोरी. आजून एखादी आसंल.”

दीप्ती हलली नाही. तिच्या हातात माझी सूत्रे होती आणि ती एकटक माझ्याकडे बघत होती. माझी घरघर. माझी, वर्षानुवर्षे मीच ऐकत आलेली घरघर. एरवी मी इतका उंच असे, की ती खाली कुणाला ऐकू जात नसे. त्या वळणावर कुठल्याच माश्या नव्हत्या. मोहोळ मी होतो. ज्याच्या मागे मी लागलो होतो तो माझ्यापासून पळत होता, आणि मीच नंतर साक्षीदार म्हणून पडद्यावर जाऊन बसलो होतो. मित्रांनो, मी यंत्र आहे, पण त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरे, असे वाटले.

दीप्तीने एकेक पेरू गोळा केला, कुशाबाईला पाणी दिले, खुर्ची दिली. पण बोलली काही नाही. कुशाबाईने साक्ष दिली, मोहोळ उठले होते म्हणून. सरांनी ती लिहून घेतली आणि बाजूला ठेवली. एकाच गावची माणसे, एकमेकांसाठी बोलणारच.

पुढचे दोन दिवस दीप्ती गप्प होती. माझ्यावरची धूळही तिने पुसली नाही. मी तिला दोष देत नाही. कंत्राटाचे नूतनीकरण मार्चमध्ये होते, घरी धाकट्या भावाचे शिक्षण चालू होते, आणि ठरलेल्या उंचीखाली उडवणे आणि शिवाय पडद्यावरून नजर काढणे ही काही लहान चूक नव्हती. पण तिसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली. मला हातात घेऊन गेली.

सरांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “तू आणखी कुणाला सांगितलेस?”

“नाही सर.”

“मग सांगू नकोस. मी लिहितो, मोहोळ उठले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. काकांचा परवाना वाचला, विषय संपला. तुझे नाव कशाला हवे त्यात? आणि ड्रोनचे तर नकोच. उद्या लोक म्हणतील, हेच भीती घालतात आणि हेच पकडतात.”

“पण सर, ते खरे आहे ना?”

सरांनी समोरचा कागद उगीच सरळ केला. वाईट माणूस नव्हता तो, मी मघाशी म्हणालोच. त्यांनाही लाजच वाटत होती, फक्त ती कागदाखाली झाकता येईल असे त्यांना वाटत होते.

“कागदावर ते सुटतील,” दीप्ती म्हणाली, “पण ते गाणे वाजतच राहील. निदान ते का पळाले एवढे तरी लोकांना कळू दे.”

तिने स्वतःच्या हाताने लिहून दिले. उंची किती होती, बटण कधी दाबले, नजर किती वेळ बाजूला होती. नोटीस मागे घेतली गेली. दीप्तीला सहा महिने उडवण्याचे काम बंद झाले आणि तिला फायलींवर बसवले. पानावरून ते चित्र काढले आणि त्या जागी खुलासा टाकला. पण चित्र कधीच घराघरांत जाऊन बसले होते. खुलासा किती जणांनी वाचला ते दीप्तीने एकदा पाहिले आणि मोबाइल पालथा ठेवला.

मग ती अंथुर्ण्याला गेली. मलाही पिशवीत घालून नेले. संभाजीकाकांच्या ओट्यावर कुशाबाई शेंगा फोडत बसली होती. शेजारचेच घर तिचे. दीप्तीने उभ्यानेच सगळे सांगितले, अडखळत सांगितले आणि हात जोडले.

काकांनी मला हातात घेतले. उलटसुलट करून पाहिले. “ह्योच व्हय त्यो? येवढासा?”

“हो काका.”

“चालू करा बरं.”

तिने मला जमिनीपासून वीतभर उचलले. काका डोळे मिटून ऐकत राहिले असावेत. मला त्यांचे मिटलेले डोळे दिसत होते. मी खाली टेकलो तेव्हा ते म्हणाले, “आगदी आसाच.” आणि पायरीवर बसले.

मला वाटले आता ते रागावतील. ते रागावले नाहीत. म्हणाले, “ताई, तुमी खरं सांगितलं, लई बरं केलं. पर एक बोलू का? लोकं म्हनत व्हती, पिऊन पळाला. म्हनू द्या म्हनलं. म्या कशापायी पळालो ते माझ्या मनाला ठावं व्हतं. त्येवढ्यावर झोप लागत व्हती. आता तेबी गेलं. खेळन्याला भिऊन पळालो म्हना की.”

काका कुशाबाईकडे वळले, पण तिच्याकडे बघत नव्हते.

“काकी, तुमाला कदी बोललो न्हाय म्या. गेल्या साली कालव्यावर दहाव्याला आपून समदी व्हतो. धुरानं मोहोळ उठलं. आप्पा माझ्याच बाजूला व्हतं. माझा हात धरला व्हता त्येंनी. म्या हात सोडवून उसात शिरलो आन् तोंड झाकून पडलो. येवढं चार पावलं मागं आलो आसतो, तर...” त्यांनी टॉवेलाचे टोक मुठीत धरले. “म्हून औंदा म्हनलं, आपल्या मागं घिऊन जायाचं. हलत्या मानसामागंच लागत्यात त्या. काकीकडं जायाच्या न्हाईत.”

आता कुठे मला तो टॉवेल कळला. ते मला हाकलत नव्हते. बोलावत होते. आणि मी, खुळा, बोलावले म्हणून गेलो होतो आणि त्याचे हसे करून आलो होतो.

कुशाबाईने शेंगांचे सूप बाजूला ठेवले.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली. “म्या बगितलं व्हतं तुला उसात जाताना.”

काकांनी मान वर केली.

“तू पळालास. समदी पळाली. म्याबी पळाले. चाळीस वर्सं ज्याच्यासंगं संसार केला त्येला टाकून पळाले. तुला काय बोलू?” ती उठून त्यांच्याजवळ येऊन बसली. “पर औंदा माझ्या अंगावर वाकळ टाकलीस आन् रानात गेलास, तवा तुला म्हाईत व्हतं का, ह्ये खेळनं हाय म्हून?”

“न्हाय.”

“मग? तू मोहळालाच आडवा गेलास. वर काय का उडत आसंना.”

काका टॉवेलात तोंड घालून रडले. दीप्तीही रडत होती. मला रडता येत नाही. माझ्या डोळ्याला तेवढेच येत नाही.

हंगाम संपायच्या आत काका पुन्हा ट्रॅक्टरवर बसले. दीप्तीचे सहा महिने सरले, तिचे कंत्राटही टिकले. तिला नवा ड्रोन मिळाला आहे, माझ्यापेक्षा पुष्कळ शांत. तरी उडवण्याआधी ती रस्त्याकडेच्या पाटीवाल्या बायांना, टपरीवाल्यांना, गाडीवानांना तो हातात देते आणि त्याचा आवाज ऐकवते. मी मात्र अंथुर्ण्याहून आल्यावर फार उडालो नाही. एकदा उतरताना आपटलो, पंखा तडकला आणि या कपाटात आलो. माझ्याबद्दल मला एवढेच सांगायचे होते.

पण तुम्हाला एक सांगायचे राहिले, आणि त्यासाठीच मी ही लाज चव्हाट्यावर आणली आहे. चित्र पाहिले म्हणजे सगळे पाहिले असे समजू नका. ज्यात आवाज नाही त्यात तुमच्या मनचा आवाज घालू नका, आणि घातलाच तर दुसऱ्याला पाठवण्याआधी एकदा थांबा. मी थांबलो नाही. मला थांबता येत नव्हते. माझे बटण दुसऱ्याने दाबले होते. तुमचे बटण तुमच्याच हातात आहे.

दीप्ती परवा कपाट उघडून फाइल काढताना कुणाला तरी सांगत होती. अंथुर्ण्याच्या वळणावर संभाजीकाकांचा ट्रॅक्टर सावकाश झाला की शाळेतून येणारी काही मुले तोंडाने ‘घूंऽऽ’ असा आवाज काढतात आणि हसत सुटतात. काका रागावत नाहीत. आवाज कानावर आला की त्यांचा हात अजूनही गळ्यातल्या टॉवेलाकडे जातो. ते वर बघत नाहीत. रस्त्याच्या कडेला कोण उघड्यावर उभे आहे, तेवढे बघतात. मित्रांनो, तिथे हसत उभे असलेले तुम्ही असलात, तरी वाकळ टाकायला ते तुमच्याकडेच बघत असतात.